दिवाळी प्रदर्शनात हाताने केलेल्या वस्तूंचा पहिला स्टॉल लावताय? मग हे सगळं आधी वाचा

गणपती विसर्जन झालं की दरवर्षी ओळखीतून कुणाचा ना कुणाचा फोन येतो, ताई मी कंदील छान करते, पणत्या रंगवते, यंदा स्टॉल लावायचाय, काय करू? आणि मला दरवेळी हेच सांगावं लागतं की अगं चांगल्या हॉलमधल्या जागा कधीच भरल्या, आणि तुझ्याकडे माल तरी किती तयार आहे. दिवाळीचा स्टॉल दिवाळीत लागतो पण तो ठरतो आषाढ-श्रावणात. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतेय, म्हणजे ज्यांना पुढच्या सीझनला उतरायचंय त्यांना हाताशी राहील. मी स्वतः कंदील आणि पणत्या करते त्यामुळे उदाहरणं त्याचीच येतील, पण तोरणं, रांगोळीचे साचे, कापडी पिशव्या, हाताने रंगवलेले पाट, काहीही करत असाल तरी हिशोब तोच आहे.

१. आधी ठरवा, काय विकायचं आणि काय नाही

पहिल्यांदा स्टॉल लावणारा जवळपास प्रत्येकजण टेबलावर पंधरा प्रकार मांडतो. चार कंदील, दहा पणत्या, दोन तोरणं, थोडे कानातले, एक-दोन फ्रेम. असं टेबल बघून गिऱ्हाईकाला कळतच नाही की तुम्ही नक्की कशात चांगले आहात, आणि एखादी वस्तू आवडून त्याने सहा मागितल्या तर तुमच्याकडे एकच असते. दोन प्रकार घ्या, फार तर तीन. प्रत्येकात दोन मापं आणि चार-पाच रंग. कंदील घेतलात तर एक मोठा दारात लावायचा आणि एक छोटा, बाल्कनीत ओळीने लावायचा. पणत्या घेतल्यात तर तेलाच्या आणि मेणाच्या. बास.

काय टाळायचं तेही सांगते:

- थर्माकोल. महाराष्ट्रात २०१८ पासून आणि १ जुलै २०२२ पासून देशभर सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. तरी बाजारात मिळतं म्हणून लोक आणतात आणि कंदिलाला, मखराला लावतात. पालिकेची माणसं आली तर माल उचलून नेतात वर दंड.
- फराळ. चिवडा-लाडू सोबत ठेवूया म्हणजे स्टॉलवर गर्दी होईल असा विचार बऱ्याच जणी करतात, पण खायची वस्तू विकायची तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेचं सरकारी खातं) नोंदणी हवी, घरगुती असली तरी.
- उटणं, साबण, क्रीम. अंगाला लावायची वस्तू बनवून विकायची तर एफडीएचं, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं, लायसन्स लागतं. घरच्यांसाठी करणं वेगळं आणि पाकिटात भरून विकणं वेगळं.
- कार्टूनची चित्रं. कंदिलावर परदेशी कार्टून काढलं तर मुलं ओढत येतात हे खरं, पण ती चित्रं कंपनीच्या मालकीची असतात.

आणि एक गोष्ट मला मनापासून वाटते ती सांगते. वारली चित्रकलेला जीआय मानांकन (एखादी वस्तू किंवा कला ठराविक भागाची आहे अशी सरकारी नोंद) आहे, ती पालघर-डहाणू भागातल्या वारली समाजाची कला आहे. तुम्ही क्लास लावून शिकला असाल आणि पणतीवर तशी त्रिकोणी माणसं आणि तारपा (त्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य) काढत असाल तर 'वारलीवरून प्रेरित' असं सांगा, 'अस्सल वारली' असा बोर्ड लावू नका. ज्यांची कला आहे ते त्याच प्रदर्शनात दोन टेबलं सोडून बसलेले असू शकतात आणि पोटासाठी बसलेले असतात.

२. उलटं कॅलेंडर मांडा

दिवाळीची तारीख इंग्रजी महिन्यात दरवर्षी हलते. २०२५ ला लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, २०२६ ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ते थेट ८ नोव्हेंबरला. म्हणून 'ऑगस्टमध्ये सुरू करू' असं इंग्रजी महिन्यावर ठरवू नका, मराठी महिन्यावर मोजा म्हणजे चुकत नाही.

प्रदर्शनं साधारण नवरात्रापासून सुरू होतात आणि दसरा ते वसुबारस हा खरा जोर. लोक कंदील दसऱ्यानंतर घ्यायला लागतात, पणत्या शेवटच्या आठवड्यात.

आता कामाचे तास मोजा. पारंपरिक बांबूचा कंदील सवयीच्या हाताला अडीच तास घेतो असं धरू. ८० कंदील करायचे तर २०० तास. घर, नोकरी, मुलांची शाळा सांभाळून रोज ४ तास मिळाले तर ५० दिवस. घटस्थापनेपासून ५० दिवस मागे गेलात की तुम्ही श्रावणाच्या पहिल्या पंधरवड्यात असता, आणि मधे गणपती-गौरीचे दिवस जाणार ते वेगळेच, त्या दिवसांत कुणाच्याही घरी काम होत नाही. म्हणजे आषाढ संपताना कामट्या (बांबूच्या चिरलेल्या बारीक पट्ट्या) घरात आलेल्या पाहिजेत. पितृपक्षात खरेदी मंद असते, बरेच लोक नवीन काही घेत नाहीत, त्यामुळे त्या पंधरवड्यात स्टॉल घेऊ नका पण घरात बसून फिनिशिंग, पॅकिंग, लेबलं हे सगळं उरकायला तोच काळ सगळ्यात चांगला.

श्रावणात काम करताना दमट हवेचा त्रास असतो. खळ वाळत नाही, कागद सैल पडतो, कामटीवर बुरशी येते. मोठा पाऊस असेल त्या दिवसांत फक्त सांगाडे बांधायचे आणि कागद चिकटवायचं काम भाद्रपदात ऊन पडायला लागल्यावर करायचं, अशी वाटणी केली की खूप वाया जाणं वाचतं.

३. सामान कुठून आणायचं

मुंबईत असाल तर कागद, लेस, टिकल्या यासाठी क्रॉफर्ड मार्केट आणि मागची अब्दुल रहमान स्ट्रीट. पणत्यांसाठी धारावीचा कुंभारवाडा. माहीमची कंदील गल्ली एकदा नुसती बघायला जा, दिवाळीच्या तोंडावर, तिथे कोणत्या मापाला आणि कोणत्या रंगाला लोक हात घालतात ते उभं राहून पाहिलं की पुढच्या वर्षीचं अर्धं ठरतं. पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी आणि तुळशीबाग, पणत्यांना कसबा पेठेतला कुंभारवाडा. शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची, तिथला हातकागद कंदिलाला फार सुंदर दिसतो, उजेड त्यातून गाळून आल्यासारखा येतो, पण तो महाग पडतो म्हणून तो वापरून वेगळा, जास्त किमतीचा कंदील करायचा, सगळ्यांना तोच लावायचा नाही.

लहान गावात असाल तर उलट फायदा आहे. बुरुडाकडून कामट्या थेट मिळतात आणि कुंभाराकडून पणत्या हव्या त्या आकारात करून घेता येतात. फक्त कुंभाराला गणपतीआधी सांगा. ओला बांबू घेऊ नका, वाळताना तो आक्रसतो आणि बांधलेली गाठ ढिली पडते, शिवाय त्याला भुंगा लागतो.

सगळं सामान एकदम आणू नका. आधी दहा नग होतील एवढंच आणा, दहा करून बघा, मग मोठी खरेदी. मात्र कागदाच्या बाबतीत उलटं, एकदा रंग पसंत पडला की लागेल तेवढा एकाच वेळी उचला कारण पुढच्या गठ्ठ्यात तीच छटा मिळेल याची खात्री नसते आणि मग एकाच कंदिलाला दोन लाल येतात.

४. करताना कुठे बिघडतं

कंदील. ज्यांनी कधीच केला नाही त्यांच्यासाठी सगळ्यात सोपा पारंपरिक सांगाडा सांगते. एकाच मापाच्या २४ कामट्या, त्यांचे ६ चौकोन बांधायचे. एक चौकोन वर, एक खाली, आणि मधले ४ चौकोन कोपऱ्यावर उभे, म्हणजे हिऱ्यासारखे दिसतील असे. वरच्या चौकोनाचे चार कोपरे मधल्या चार चौकोनांच्या वरच्या टोकांना बांधायचे, खालच्याचे खालच्या टोकांना, आणि मधल्यांचे आडवे कोपरे एकमेकांना. आपोआप मधे ८ त्रिकोण तयार होतात. ९ इंची कामटी घेतली तर सांगाडा साधारण पावणेतेरा इंच उंच होतो. मधले चौकोन आणि त्रिकोण कागदाने भरायचे, वरचा चौकोन उघडा ठेवायचा, तिथून बल्ब सोडायचा आणि उष्णता बाहेर जायची, खालचाही उघडा आणि त्याच्या कडेला झिरमिळ्या. कोपऱ्यांवर कागदाच्या करंज्या लावल्या की झाला.

जागोजागी बिघडतं ते असं:

- कामट्यांच्या मापात दोन-तीन सुताचा फरक पडला तरी शेवटचा चौकोन बसत नाही आणि कंदील पिळवटतो. म्हणून पुठ्ठ्याचं माप करून एकावेळी सगळ्या कामट्या कापा, एकेक नको.
- खळ मैद्याची करताना त्यात चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घाला, नाहीतर झुरळं आणि कसर कागद खातात. मोरचूद विषारी असतं, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, मुलांना हात लावू देऊ नका, नंतर हात साबणाने धुवा.
- कागद ताणून चिकटवू नका. ओल्या खळीने तो आधीच सैल झालेला असतो, वाळला की स्वतःच ताठ होतो. आधीच ताणला तर वाळताना फाटतो.
- पिवळा, भगवा, लाल, राणी हे रंग उजेडात खुलतात. जांभळा आणि गडद निळा दिवसा छान दिसतो पण आत दिवा लावला की काळपट पडतो. प्रत्येक रंगाचा एक कंदील रात्री लावून बघितल्याशिवाय पुढचे करू नका.
- जुना पिवळा ६० वॅटचा बल्ब कागदाच्या कंदिलात कधीही नाही. एलईडी ५ ते ९ वॅटचा, आणि गिऱ्हाईकालाही तसं सांगायचं, चिठ्ठीवर लिहून द्यायचं. होल्डर-वायर स्वतः जोडून विकू नका, आयएसआय मार्कची तयार घ्या.

पणत्या. मातीची कोरी पणती आणली की लगेच रंगवायला बसू नका. चार-पाच तास पाण्यात बुडवून ठेवा, मग सावलीत दोन दिवस पूर्ण वाळू द्या. मातीची धूळ निघून जाते आणि रंग नीट धरतो, आणि ज्या पणतीला बारीक तडा असेल ती पाण्यात कळते. पोस्टर कलर वापरू नका, हाताला लागतो, ॲक्रिलिक घ्या. आतला भाग, जिथे तेल असतं तो, कोराच ठेवा आणि वातीच्या चोचीजवळ बोटभर जागा रंग, लेस, कुंदन, आरसे काहीही नको. बाजारात चोचीपर्यंत लेस लावलेल्या पणत्या सर्रास दिसतात, त्या पेट घेतात. कुणाच्या तरी दारात, लहान मुलं फिरत असताना ती पणती लागणार आहे हे डोक्यात ठेवूनच काम करायचं.

तेलाच्या पणत्यांची एक परीक्षा नक्की करा. प्रत्येक लॉटमधल्या पाच-सहा पणत्यांत तेल भरून रात्रभर पेपरवर ठेवा. सकाळी खाली डाग मोठा असेल तर त्या लॉटला बाहेरून तळाला प्राइमरचे दोन हात द्या नाहीतर मेणाच्या म्हणून वापरा.

मेण कधीही थेट गॅसवर वितळवायचं नाही, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून. पेटलंच तर पाणी ओतायचं नाही, झाकण टाकायचं आणि गॅस बंद. पॅराफिन मेण गार होताना आकसतं आणि मधे खड्डा पडतो, म्हणून थोडं मेण राखून ठेवून दुसऱ्यांदा वरून भरा. आणि ऑक्टोबर हीट विसरू नका, पत्र्याच्या मांडवाखाली दुपारी मेणाच्या पणत्या मऊ होतात, त्या टेबलाच्या पुढच्या कडेला उन्हात मांडू नका.

५. किंमत काढणं (हे नीट वाचा)

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. मटेरियल ७० रुपयांचं आहे, मग १५० ला देऊया, दुप्पट झाले ना, असं बहुतेकजणी करतात. त्यात तुमच्या हाताचे अडीच तास फुकट गेले.

समजा ८० कंदील विकायचेत, तर एका कंदिलाचा हिशोब असा:

- मटेरियल (कामट्या, कागद, दोरा, खळ, झिरमिळ्या): ७० रुपये
- मजुरी, अडीच तास, ताशी ८० रुपयांनी: २०० रुपये
- पिशवी आणि पॅकिंग: २० रुपये
- स्टॉलचा वाटा: भाडं ६,००० + टेम्पो, जेवण, लाईट २,००० = ८,०००, भागिले ८०: १०० रुपये

एकूण ३९०. त्यात मोडतोड आणि न विकलेला माल म्हणून साधारण १० टक्के धरा, झाले ४३०. म्हणजे तुमची किंमत ४५० च्या खाली असता कामा नये. आकडे मी समजायला घेतलेत, तुमचे तुम्ही घाला, पण रकाने हेच ठेवा.

आता तुम्ही म्हणाल शेजारच्या दुकानात कारखान्यातला कंदील २०० ला मिळतो. मिळतो, आणि त्याच्याशी किमतीत भांडायला जायचंच नाही. त्यापेक्षा तासाभरात होणारा लहान कंदील ठेवा, तो १५०-२०० च्या घरात बसवता येतो, आणि ज्याला मोठा परवडत नाही तोही रिकाम्या हाताने जात नाही. मजुरी मात्र कुठल्याही वस्तूत शून्य धरायची नाही. तुम्ही स्वस्त दिलं की पुढच्या टेबलावरच्या बाईलाही स्वस्त द्यावं लागतं, आणि तिचं कदाचित त्याच्यावरच घर चालत असतं.

'शेवटचं किती' विचारणारे येतातच. आधीच ठरवून ठेवा, एकावर सूट नाही, तीनवर इतकी, सहावर इतकी. लिहून लावलं की घासाघीस निम्मी होते.

६. प्रदर्शन निवडताना

आषाढापासून चौकशी सुरू करा. सोसायट्यांची प्रदर्शनं, शाळांचे हॉल, महिला मंडळं, मंगल कार्यालयं, मॉल, मैदानावरचे मोठे मेळे असे प्रकार असतात. पहिल्यांदा असाल तर माझं स्पष्ट मत, आपल्याच भागातल्या मोठ्या सोसायटीचं किंवा महिला मंडळाचं दोन दिवसांचं प्रदर्शन घ्या. भाडं कमी, ओळखीची माणसं, माल घरून आणता येतो, आणि पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक घरी फोन करतं. मैदानातल्या मोठ्या मेळ्यात गर्दी खूप पण ती खायला आणि फिरायला आलेली असते.

पैसे भरायच्या आधी आयोजकाला हे विचाराच, आणि उत्तरं व्हॉट्सॲपवर लेखी घ्या:

- जागा किती, टेबल-खुर्ची किती, प्लग पॉइंट आहे का आणि त्याचे वेगळे पैसे का?
- आपल्यासारख्याच वस्तूंचे किती स्टॉल घेणार?
- तयार माल आणून विकणाऱ्यांना जागा देणार का, की फक्त हाताने करणाऱ्यांना?
- रात्री माल तिथेच ठेवता येतो का, वॉचमन असतो का?
- पाऊस आला तर काय? परतीचा पाऊस दसऱ्यापर्यंत आणि कधीकधी दिवाळीतही गाठतो.
- रद्द झालं तर पैसे परत मिळणार का, किती?

गेल्या वर्षी तिथे बसलेल्या दोघी-तिघींना फोन करून विचारा, हे सगळ्यात कामाचं. आयोजक नंबर द्यायला टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या. माझ्या ओळखीतल्या एकीने नुसती जाहिरात बघून पूर्ण भाडं भरलं, तिथे गेल्यावर कळलं की हॉल दुसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला आणि खाली साधा बोर्डही नाही, दिवसभरात आले ते दुसरे स्टॉलवालेच. म्हणून जागा आधी पायाने जाऊन बघायची, संध्याकाळी सहा-सात वाजता, तेव्हा रस्त्यावर माणसं असतात का ते दिसतं. पावतीशिवाय पैसे नाही.

भाडं जास्त वाटत असेल तर मैत्रिणीबरोबर अर्धा स्टॉल घ्या, पण दोघींच्या वस्तू वेगळ्या हव्यात आणि आयोजकाला आधी सांगितलेलं हवं.

७. कागदपत्रं

फार घाबरायचं कारण नाही, छोट्या प्रमाणात सुरुवात करणाऱ्याला फार थोडी लागतात.

- आधार, पॅन, बँक पासबुकची झेरॉक्स किंवा कॅन्सल चेक, दोन फोटो. बहुतेक आयोजक एवढंच मागतात.
- उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद. आधार-पॅनवर सरकारी पोर्टलवर घरबसल्या होते आणि पूर्ण मोफत आहे. 'दोन हजारात करून देतो' म्हणणारे आणि सरकारीसारख्या दिसणाऱ्या वेबसाइट खूप आहेत, त्यांच्या नादाला लागू नका.
- पहचान कार्ड, म्हणजे केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयातल्या विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालयाकडून मिळणारं कारागिराचं ओळखपत्र. पहिल्या वर्षी नसलं तरी चालतं पण पुढे सरकारी हस्तकला मेळ्यांत जागा हवी असेल तर उपयोगी पडतं, तेव्हा अर्ज करून ठेवा.
- बचत गटातर्फे बसणार असाल तर गटाचं पत्र आणि ठराव.
- जीएसटी. फक्त वस्तू विकत असाल आणि राज्यातच विकत असाल तर वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत नोंदणी लागत नाही. आयोजक जीएसटी नंबर मागतो तेव्हा गडबडून जाऊ नका, 'उलाढाल मर्यादेच्या आत आहे' असं साधं सहीचं पत्र द्या. गोवा, बेळगाव, इंदूर असं राज्याबाहेर जाऊन विकायचं असेल तर नियम वेगळे आहेत, आधी सीएला विचारा.

वस्तू आधीच सीलबंद पाकिटात भरून विकत असाल, म्हणजे मेणाच्या १२ पणत्यांचा बॉक्स वगैरे, तर त्यावर तुमचं नाव-पत्ता, फोन, आत काय आणि किती, कधी बनवलं, आणि सर्व करांसह एमआरपी छापलेली पाहिजे. टेबलावर सुटी ठेवलेली वस्तू गिऱ्हाईकासमोर कागदात गुंडाळून दिली तर हा प्रश्न येत नाही.

८. स्टॉलवर न्यायची पेटी

आदल्या दिवशी भरून दाराजवळ ठेवा: गडद रंगाची, जमिनीपर्यंत लोंबणारी साधी चादर (टेबलाखाली माल लपतो), सुतळी, केबल टाय, टू-साइड टेप, कात्री, कटर, फेविकॉल, ग्लू गन, एक्स्टेंशन बोर्ड, दोन एलईडी बल्ब, मार्कर, किमतीच्या चिठ्ठ्या, बिलबुक, वही, पेन, १०-२०-५० च्या सुट्ट्या नोटा, पॉवर बँक, पाणी, डबा, ओडोमॉस, आणि मोठं प्लॅस्टिक, अचानक पाऊस आला तर माल झाकायला. दुरुस्तीचं थोडं सामान न्या, एक-दोन कंदील वाटेत दबतातच, तिथल्या तिथे नीट करता येतात.

पिशव्या कागदी किंवा कापडी. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅग ठेवल्या तर दंड तुम्हालाच.

कंदील टेबलावर ठेवून विकले जात नाहीत, ते टांगलेलेच हवेत, डोळ्याच्या वर आणि आत दिवा लावून. आयोजक वर दोरी बांधू देतो का ते आधी विचारा, नाहीतर दोन बांबू आणि आडवी काठी असा स्टँड सोबत न्या.

९. स्टॉलवर बसल्यावर

एकटीने बसू नका, जेवायला आणि वॉशरूमला जायला तरी दुसरं माणूस लागतं.

मोबाइल घेऊन खाली मान घालून बसलेल्या माणसाच्या टेबलाशी कुणी थांबत नाही. काहीतरी करत बसा, एखादा सांगाडा बांधा, एक पणती रंगवा. हाताने केलेलं आहे हे शंभर वेळा सांगण्यापेक्षा लोकांना ते समोर दिसतं, लहान मुलं थांबतात आणि मुलांमागे आई-बाबा.

पैशांचे सापळे तीन आहेत. एक, पेमेंट झाल्याचा स्क्रीनशॉट दाखवून निघून जाणारे, म्हणून स्वतःच्या फोनवर मेसेज किंवा साउंडबॉक्सचा आवाज आल्याशिवाय वस्तू हातात द्यायची नाही. दोन, तुमच्या क्यूआरवर दुसराच स्टिकर चिकटवला जाणं, सकाळी आणि दुपारी एकदा स्वतः स्कॅन करून नाव बघा. तीन, 'मोठी ऑर्डर देतो, ॲडव्हान्स पाठवतो, तुम्ही पिन टाका' असा फोन. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. तळघरातल्या हॉलमध्ये नेटवर्क नसतं तेव्हा रोख जवळ असू द्या.

मोठी ऑर्डर, म्हणजे ऑफिसची भेट म्हणून १०० पणत्या वगैरे, खरी आली तर जागेवर हो म्हणू नका. किती दिवसांत होईल ते वहीत मांडा, निम्मे पैसे आधी घ्या आणि मग हो म्हणा. दिवाळीच्या आठवड्यात घेतलेली ऑर्डर वेळेत गेली नाही तर तिचा काही उपयोग नसतो.

परदेशातल्या मुला-नातवंडांसाठी घेणारे आजी-आजोबा बरेच भेटतात. त्यांच्यासाठी घडी होणारे, सपाट पाकिटात जाणारे कंदील वेगळे ठेवा, बॅगेत कपड्यांमध्ये बसतात. ते दसऱ्याच्या आधीच घेतात कारण पार्सल पोचायला वेळ लागतो, म्हणून नवरात्रातल्या प्रदर्शनाला हे आठवणीने न्या.

फोटो काढणारे आले तर काढू द्या, भांडू नका. पण नवीन डिझाइन कसं केलंय, आतला जोड कसा आहे, हे सगळं कुणालाही खोलून दाखवायची गरज नाही.

१०. संपल्यावर

भाऊबीज झाली म्हणून पणत्यांचं काम संपत नाही. तुळशीचं लग्न आणि त्रिपुरी पौर्णिमेला देवळांत आणि घाटांवर दिवे लागतात, उरलेल्या साध्या तेलाच्या पणत्या तेव्हा जातात, जवळच्या देवळात आधी बोलून ठेवा. कंदिलाच्या उरलेल्या कामट्यांचे तारे करून ते नाताळला जातात.

विकले न गेलेले कंदील पुढच्या वर्षासाठी ठेवायचे तर झिरमिळ्या काढून वेगळ्या गुंडाळा, कंदील कागदी पिशवीत घालून कोरड्या, उंच जागी. कागदाचा रंग उडालेला असेल तर सांगाडा ठेवून कागद बदला, जुना माल नवा म्हणून विकू नका.

आणि वहीत त्याच आठवड्यात हे लिहून काढा: कोणतं माप किती गेलं, कोणता रंग पडून राहिला, लोकांनी काय मागितलं जे तुमच्याकडे नव्हतं, दिवसाच्या कोणत्या वेळी गर्दी होती, एकूण किती आले आणि सगळे खर्च आणि मजुरी वजा जाता किती उरले. आयोजक चांगला होता असं वाटलं तर तिथेच, सामान आवरताना, पुढच्या वर्षासाठी नाव लावा, कारण कोपऱ्यावरच्या आणि दाराजवळच्या जागा जुन्या लोकांनाच आधी विचारून देतात.